स्ट्रॅटेजी गेमसाठी नवीन डेस्कटॉप: पैसे कार्डात घालू की प्रोसेसरमध्ये?

कर्वेनगरी

मंडळी, डेस्कटॉप घ्यायचाय. माझं ऑफिस घरातच आहे (कर सल्लागार). दिवसा त्याच मशीनवर टॅली, एक्सेल आणि सरकारी पोर्टलं, रात्री दहानंतर सिव्हिलायझेशन 6 आणि स्टेलारिस. गोळीबाराचे खेळ मी खेळत नाही आणि खेळणारही नाही, तेव्हा "आज नाही तर उद्या लागेल" हा मुद्दा कृपया कुणी काढू नये.

आत्ताचं मशीन: इंटेलचा आय5-7400 प्रोसेसर, 16 जीबी रॅम, नंतर बसवलेलं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स 1650 (4 जीबी), साधी साटा एसएसडी. या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ज्या मशीनवर लोकांचे पॅन आणि बँक स्टेटमेंटं आहेत ते असं ठेवणं बरं नाही. म्हणजे बदलायचं हे ठरलंय, काय घ्यायचं ते ठरत नाहीये.

त्रास असा. सिव्हमध्ये मोठा नकाशा, बारा संस्कृती. सुरुवात झकास. रेल्वेचा काळ आला की "नेक्स्ट टर्न" दाबायचं आणि फोन बघत बसायचं. स्टेलारिसचा खेळ 2200 साली सुरू होतो. 2350 ओलांडलं की तारीख सरकता सरकत नाही. चित्र मात्र दोन्हीकडे ठीक दिसतं.

सदाशिव पेठेतल्या एका दुकानात जाऊन आले. "गेमिंग" ऐकल्याबरोबर विक्रेता मला रंगीत दिव्यांच्या काचेच्या कॅबिनेटकडे घेऊन गेला. कोटेशनमध्ये निम्म्याहून जास्त पैसे ग्राफिक्स कार्डाचे, प्रोसेसर मधला, रॅम 16 ची एकच पट्टी. मी विचारलं, याने टर्न लवकर संपेल का? तो म्हणाला, "मॅडम, 144 एफपीएस मिळतील." म्हणजे सेकंदाला 144 चित्रं. मी ते विचारलंच नव्हतं.

बजेट लाखाच्या आसपास, मॉनिटर आणि यूपीएस धरून नाही. लॅपटॉप नको.

लांब_तिरंदाज

ताई, दुकानदाराला सोडा, आधी तुमच्याच मशीनला विचारा. फुकटात होतं.

स्टेलारिसची ती अडलेली सेव्ह उघडा, वेग सगळ्यात वरचा ठेवा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, आकडा बघा. तारीख सरकत नाही आणि कार्ड तरीही तीस-चाळीस टक्क्यांवर रेंगाळतंय असं दिसलं, तर कार्ड निर्दोष. प्रोसेसरचा आकडा मात्र फसवा असतो. तुमच्या आय5 ला चार कोअर, म्हणजे हिशेब करणारे चार भाग. मुख्य काम एकाच धाग्यात (एकामागून एक करायच्या कामांच्या रांगेत) अडकलं की बाकीचे कोअर अर्धेमुर्धे रिकामे राहतात, एकूण आकडा कमी दिसतो आणि वाटतं प्रोसेसर निवांत आहे. त्यातून विंडोज तो धागा एका कोअरवरून दुसऱ्यावर फिरवत राहतं, म्हणून कोअरवार आलेख काढले तरी एकही शंभराला टेकलेला दिसेलच असं नाही.

या खेळांत चित्र काढणं हे थोडंसं काम आहे. बाकी सगळा हिशेब. बारा राजांपैकी प्रत्येकाने आपल्या प्रत्येक तुकडीसाठी वाट शोधायची, प्रत्येक शहरात काय बांधायचं ते ठरवायचं. आणि पहिल्याने काय केलं ते कळल्याशिवाय दुसऱ्याला नीट ठरवता येत नाही. त्यामुळे ते काम सोळा कोअरांत वाटून मोकळं होता येत नाही. एकेका कोअरचा वेग लागतो आणि कॅशे लागते.

कॅशेचं तुम्हाला लगेच कळेल. टेबलावरची फाईल हात लांबवला की मिळते, माळ्यावरच्या फाईलसाठी शिडी आणावी लागते. कॅशे म्हणजे टेबल, रॅम म्हणजे माळा. उत्तरार्धात स्टेलारिसमध्ये हजारो बारीक नोंदी मेमरीभर विखुरलेल्या असतात आणि प्रोसेसरचा बराचसा वेळ शिडीवर जातो. तुमच्या 7400 ची एल3 कॅशे 6 एमबी. एएमडीच्या रायझन 5 7600 ची 32. आणि रायझन 7 7800एक्स3डी ची 96, कारण त्यात कॅशेचा आणखी एक थर चिपला जोडलेला आहे. ही एक्स3डी मालिका 2022 मध्ये 5800एक्स3डी पासून सुरू झाली. लोक ती एफपीएससाठी घेतात, पण माझ्या मते तिचं खरं गिऱ्हाईक तुमच्यासारखे टर्न मोजणारे आहेत.

मी स्वतः एज ऑफ एम्पायर्स 2 वाला. तिथे तर मंद प्रोसेसर हा सामाजिक गुन्हा आहे. 1997 च्या पहिल्या भागापासून त्यांची पद्धत अशी की शेकडो तिरंदाजांच्या जागा 28.8 च्या मोडेमवरून पाठवणं अशक्य, म्हणून फक्त आज्ञा पाठवायच्या आणि तीच लढाई प्रत्येकाच्या मशीनवर जशीच्या तशी चालवायची. आठातलं एक मशीन रडलं की आठही जण हळू. म्हणूनच त्याची नवी डेफिनिटिव्ह एडिशन रँक्ड (क्रमवारीच्या) खेळाआधी बेंचमार्क, म्हणजे मशीनच्या वेगाची चाचणी, चालवायला लावते आणि 1000 गुण मागते.

तेव्हा माझं मत: जुनं 1650 नव्या मशीनमध्ये घाला, पैसे प्रोसेसरमध्ये. सिव्ह 6 साठी कंपनीने सुचवलेलं कार्ड जीटीएक्स 770 आहे, ते 2013 चं.

हिंजवडी_रिटर्न

एवढा खर्च कशाला? आयटी कंपन्यांमधून लीज संपलेले ब्रँडेड डेस्कटॉप पुण्यात ढिगाने निघतात. इंटेलची दहावी-अकरावी पिढी, विंडोज 11 चालतं, चौथाई किमतीत काम. तेच 1650 त्यात घाला. उरलेल्या पैशात कोकणात जाऊन या.

आणि तुमच्याकडे जीएसटी नंबर असणारच. 18 टक्के परत. मजा आहे बुवा.

कर्वेनगरी

@हिंजवडी_रिटर्न, जीएसटी कायद्याचं कलम 17(1) वाचा. क्रेडिट धंद्यासाठी जेवढा वापर तेवढ्याचंच मिळतं. रात्री दहानंतर मी आकाशगंगा जिंकते, तो धंदा नाही. जिंकून उत्पन्नही येत नाही.

@लांब_तिरंदाज, तुम्ही सांगितलं तसं करून पाहिलं. स्टेलारिसमध्ये कार्ड तिशीच्या आतबाहेर. सिव्हमध्ये टर्न चालू असताना तर त्याहून कमी. ते बहुतेक माझ्यासारखंच फोन बघत असावं. म्हणजे दुकानातला तो मला नेमकी रिकामटेकडी वस्तू नवीन विकत होता.

आता दोन शंका. एक, 7600 आणि 7800एक्स3डी यांतला फरक मला खरोखर जाणवेल, की तो फक्त तक्त्यात दिसतो? दोन, इंटेल अजिबातच नको का? आमच्याकडे आजवर इंटेलच चालत आलंय.

लांब_तिरंदाज

जाणवेल, पण कुठे ते सांगतो. 7400 वरून 7600 ही मोठी उडी आहे. सिव्हचा प्रश्न बहुतेक तिथेच मिटेल. 7600 वरून एक्स3डी ही उडी स्टेलारिसच्या शेवटच्या शतकात कामाला येते. तुम्ही खेळ तिथपर्यंत नेता, म्हणून तुम्हाला सुचवलं. पन्नास वर्षांत कंटाळून नवी आकाशगंगा उघडणाऱ्याला मी 7600 च सांगितला असता.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. ओळखीत कुणाकडे एक्स3डी असेल तर स्वतःची सेव्ह घेऊन जा. सगळ्यात वरचा वेग, 1 जानेवारी ते पुढची 1 जानेवारी, हातात घड्याळ. खेळाची आवृत्ती मात्र दोन्हीकडे एकच हवी, कारण 2025 च्या 4.0 आवृत्तीने लोकसंख्येचा हिशेबच बदललाय. सिव्ह 6 मध्ये तर एआयचा (मशीन चालवतं त्या राजांचा) वेगळा बेंचमार्क आहे, तो टर्नचा सरासरी वेळच सांगतो.

इंटेल: 13व्या आणि 14व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत व्होल्टेजचा घोळ होता. 2024 मध्ये कंपनीने तो मान्य केला, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती) दिला, वॉरंटी दोन वर्षं वाढवली. आता घेतलात तर बायॉस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून वापरा, पाप लागत नाही. पण एएम5 च्या (या रायझनच्या सॉकेटच्या) बोर्डावर पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल, हा हिशेब मला पटतो.

मशीन येईपर्यंतचे फुकट उपाय: सिव्हमध्ये क्विक मूव्हमेंट आणि क्विक कॉम्बॅट चालू करा. स्टेलारिसमध्ये नवा खेळ मांडताना वस्तीयोग्य ग्रह कमी ठेवा आणि झेनो-कम्पॅटिबिलिटी बंद करा. संकरित प्रजातींची नुसती खोगीरभरती होते आणि प्रत्येकीचा हिशेब तुमचा 7400 करत बसतो.

स्क्रूड्रायव्हर

मी मशीनं जोडतो, खेळत नाही. वरची सगळी चर्चा प्रोसेसरवर झाली, पण गिऱ्हाईक माझ्याकडे परत येतं ते बाकीच्या वस्तूंसाठी.

रॅम. 2025 च्या शेवटापासून भाव चढलेत, एआयच्या डेटासेंटरांनी मेमरी उचलली म्हणून. त्यामुळे दुकानात एकच पट्टी गळ्यात मारायचा मोह जास्त आहे. एका पट्टीवर मेमरीचा एकच चॅनल चालतो. 16 च्या दोन घ्या, डीडीआर5 6000, आणि बायॉसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग, चालू करून घ्या. ते नाही केलं तर 6000 ची रॅम कमी वेगाने पळत राहते आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

कूलर. 7800एक्स3डी च्या डब्यात कूलर येत नाही. 7600 च्या येतो. पाण्याचा कूलर घेऊ नका, एका टॉवरचा हवेचा बास. हा प्रोसेसर 89 अंशांना स्वतःला आवरतो. एप्रिलमध्ये दुपारी खोलीच 36 ला असेल तर आकडे वर दिसणार, घाबरायचं नाही. कॅबिनेट पुढून जाळीचं आणि धुळीची गाळणी काढून धुता येईल असं. काचेच्या बंद तोंडाच्या डब्याला माझ्याकडून नाही. पुण्यात सध्या प्रत्येक रस्त्यावर काही ना काही खोदलेलं आहे.

एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) चांगल्या कंपनीचा 550 वॉटचा. तुमचं मशीन खेळतानासुद्धा 200 वॉटच्या आत राहील, पण पुढे कार्ड बदललंत तर तोच चालेल.

यूपीएस तुम्ही बजेटबाहेर ठेवलाय, यादीबाहेर ठेवू नका. गुरुवारी वीज जाते हे काही सांगायला नको. शक्यतो प्युअर साइन वेव्हचा घ्या. स्वस्तातले यूपीएस बॅटरीवर जी ओबडधोबड लाट देतात ती नव्या एसएमपीएसांना कधीकधी मानवत नाही, आणि ज्या क्षणासाठी यूपीएस घेतला त्याच क्षणी मशीन बंद पडतं.

@हिंजवडी_रिटर्न, ते लीजचे डबे टॅलीला उत्तम. पण बऱ्याच बारक्या डब्यांत एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या खास मापाचे असतात, पुढे काही बदलायचं म्हटलं की अडतं. काहींत पूर्ण उंचीचं कार्डही बसत नाही. ताईंच्या 1650 ची उंची मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

हिंजवडी_रिटर्न

मान्य. कोकणचा मुद्दा मात्र मागे घेत नाही.

कर्वेनगरी

यादी पक्की केली. 7800एक्स3डी, बी650 चा साधा बोर्ड, 16 च्या दोन पट्ट्या, 1 टीबी एनव्हीएमई एसएसडी, 550 वॉटचा एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट, एका टॉवरचा कूलर, आणि माझंच 1650. मॉनिटर 27 इंची 1440पी घेतेय, 144 हर्ट्झचा आग्रह न धरता. मला अक्षरं स्वच्छ हवीत, दिवसा बॅलन्सशीट आणि रात्री ग्रहांची यादी, दोन्ही तक्तेच. कार्डाचं पुढच्या वर्षी बघू.

पुतण्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणू म्हणतोय, स्वस्त पडतं म्हणे. मी इथेच घेणार. काही बिघडलं तर वस्तू घेऊन ग्रँट रोडला जाणं मला परवडत नाही. त्याच दुकानात परत गेले होते. विक्रेत्याने यादी वाचली आणि विचारलं, "मॅडम, कार्ड राहिलं का लिहायचं?" नाही म्हटलं, राहिलं नाही. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर टाकून द्यायला सांगितलंय, सहीशिवाय पैसे नाहीत.

@स्क्रूड्रायव्हर, जोडणी दुकानवालेच करून देतायत. घरी आणल्यावर मी काय तपासायचं?

स्क्रूड्रायव्हर

मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. या प्रोसेसरमध्ये साधं ग्राफिक्स आहे, त्यामुळे बोर्डाला लावली तरी चित्र येतं आणि खेळ रडतो. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर वेग 6000 दिसतोय का बघा. आणि दुकानात एक्स्पो राहिलं म्हणून तुम्ही घरी चालू केलंत, तर पुढच्या वेळी स्क्रीन काही मिनिटं काळी राहील. बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत असतो. तेवढा वेळ बटण दाबू नका आणि दुकानात फोन करू नका.