‘उंच गाड्या म्हणजे दिखावा’ म्हणे! गियरवाल्याला उत्तर

माशेलकरीण
गियरवाल्याची कालची पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोवा उभा मोजला तरी शंभरेक किलोमीटर, इथे हॅचबॅक सोडून दुसरं काही घेणारा एकतर दिखाऊ, नाहीतर शोरूमवाल्याने शेंडी लावलेला. सनरूफ म्हणजे पोरांचे चोचले, ऑटोमॅटिक आळशांसाठी, आणि ‘बायकांना उंच बसायला आवडतं म्हणून या गाड्या खपतात’. या शेवटच्या वाक्याखाली अर्धे सभासद दात काढून हसलेत.

तर ऐका. मी टाटाची नेक्सॉन घेतली, उंच गाडी, ऑटोमॅटिक, आणि स्वतः चालवते. जुन्या हॅचबॅकमध्ये सासूबाईंना बसवायचं म्हणजे आधी पाठ आत, मग एक पाय, मग ‘अगो थांब गो’, मग हाताने उचलून दुसरा पाय. उतरवताना तर मी पुढून आणि नवरा मागून. आता दार उघडलं की त्या सरळ टेकतात, स्वतःच्या स्वतः. यात दिखावा कोणाला आणि कुठे दिसला?

दुसरं, आमच्या वाड्यावर जायला कच्चा चढ, मधे पाण्याने उघडे पडलेले चिरे. जमिनीपासूनची उंची स्विफ्टसारख्या हॅचबॅकची १६३ मिलिमीटर, नेक्सॉनची २०८. जुन्या गाडीचं पोट दर पावसाळ्यात त्या चिऱ्यांवर खरवडून निघायचं. आणि ‘मोठी गाडी’ म्हणता, लांबी तरी बघा: स्विफ्ट ३८६०, नेक्सॉन ३९९५. वीतभरही फरक नाही. कराच्या सवलतीसाठी सगळ्याच कंपन्या चार मीटरच्या आत कापून बसवतात, हे गाड्यांचं वेड असणाऱ्याला मी सांगायचं?

ऑटोमॅटिकचं म्हणाल तर पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तिथून रोज ऑफिसला जाऊन दाखवा, मग क्लच दाबणाऱ्या डाव्या गुडघ्याला विचारा.

गियरवाला
ताई, बायकांबद्दलचं वाक्य काढून टाकलं आहे. गंमत होती, पण असो, गोव्यात हल्ली गंमत करायलाही परवाना लागतो.

बाकी मुद्द्यांवर मी ठाम. लांबी सांगितलीत, रुंदी सोयीस्कर विसरलात. स्विफ्ट १७३५, नेक्सॉन १८०४. वाड्यावर समोरून गाडी आली की लांबी कोणाला नडत नाही, रुंदी नडते. त्या सात सेंटीमीटरसाठी कोणीतरी आरसा मिटतो, कोणीतरी गडग्याला (दगडी कुंपणाला) घासतो. पूर्वी दोन मारुती ८०० एकमेकींना पास व्हायच्या तिथे आज दोघेही हॉर्न वाजवत बसतात आणि शेवटी पोदेराची (पाववाल्याची) सायकल मधून निघून जाते.

आणि सासूबाईंसाठी उंच सीट हवी तर वॅगनआर आहे ना? १९९९ पासून तेच काम करतेय. दार मोठं, सीट नेमकी कमरेच्या उंचीवर, किंमत कमी.

माशेलकरीण
गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०२३च्या चाचणीत वॅगनआरला एक तारा होता, लहान मुलांच्या सुरक्षेत शून्य. नेक्सॉनने पाच तारे २०१८लाच घेतले. माझी मुलगी मागे बसते. पुढे बोला.

गियरवाला
ती चाचणी ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने करतात. तुमच्या चढावर ६४?

माशेलकरीण
समोरून येणारा ६४ ने येतो ना. माशेल ते पणजी रस्त्यावर रात्री उभे राहून बघा.

सांगेचो झील
दोघेही बरोबर, दोघेही चूक. आमच्याकडे चवथीला मूळ घरी जायचं तर माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान, दोन म्हातारी माणसं, तीन पोरं आणि मागे एक फणसाएवढी पिशवी. तेव्हा ना हॅचबॅक पुरते ना नेक्सॉन. आमच्या ओम्नीत सगळं मावायचं. ओम्नीचे तारे विचारू नका.

डिचोलीकर
तारे, मिलिमीटर सोडा, मला शोरूमवाल्यांवर बोलायचंय. (नाव सांगत नाही, गाव लहान आहे.) गाडी बुक करताना ‘हँडलिंग चार्जेस’ म्हणून एक रक्कम. कसलं हँडलिंग, विचारलं. म्हणे गोदामातून शोरूमपर्यंत आणायचे. मग काय मी येऊन ढकलत न्यायची होती? वर अंडरबॉडी कोटिंग, सीट कव्हर, काचेवर कसलंसं पॉलिश, ‘पॅकेज आहे सर, सुटं मिळत नाही’. विमा आमच्याकडूनच घ्या, नाहीतर डिलिव्हरी पुढच्या महिन्यात.

एवढं सगळं लावून जे लावायला हवं तेच लावलं नाही. मधल्या एका पावसात सखल रस्त्यावर पाणी होतं, पुढचा रिक्षावाला गेला म्हणून मीही घातली. मधोमध बंद. आणि मी काय केलं, परत स्टार्टर मारला. इंजिनात पाणी ओढलं गेलं, कनेक्टिंग रॉड वाकला. विमावाला म्हणतो साध्या पॉलिसीत हे बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं जोडपत्र पाहिजे होतं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि सीट कव्हर विकणाऱ्याला ते जोडपत्र विकायचं सुचलं नाही.

म्हणून सांगतो: गाडी कुठलीही घ्या, विमा बाहेरून घ्या, कोणी अडवू शकत नाही. आणि पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात लावू नका. टो करा.

गियरवाला
हे मात्र सोन्यासारखं बोललात. फक्त ताईंची गाडी उंच असल्यामुळे त्या आणखी खोल पाण्यात घालतील, एवढाच फरक.

माशेलकरीण
टोमणा पोचला. जोडपत्र घेतलेलं आहे.

कळंगुटचो शेजारी
सगळे एकमेकांच्या गाड्या मोजताय. रस्ते गोवेकारांच्या गाड्यांनी भरले नाहीत. भरले ते रेंट-अ-कारनी. आमच्या वाड्यावर रात्री दोन वाजता उघडी थार, आत सहा जण, गाणी फुल्ल, आणि गूगल मॅप सांगतो म्हणून आमच्या तुळशीपर्यंत आत. परवा एकाने रिव्हर्स घेताना आमचा गडगा पाडला आणि विचारतो, ‘अंकल, बीच किधर है?’ ह्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या या भाड्याच्या गाड्या कोण देतं? आपलेच लोक.

काळी पाटी
मी देतो. बोला.

चार गाड्या आहेत माझ्या, दोन हॅचबॅक, एक बलेनो, एक थार. बाबांचा टिप्पर (खनिज वाहायचा ट्रक) होता, सावर्डे भागात खाणीवर. २०१२ला खाणी बंद झाल्या, टिप्पर दारात गंजत उभा राहिला, हप्ते थांबले नाहीत. तो भंगाराच्या भावात विकला आणि पहिली गाडी घेतली. तेव्हा तुमच्यापैकी कोणी विचारायला आलं नव्हतं घर कसं चालतंय म्हणून.

आणि तुम्हाला वाटतं पैसा ओततोय? परत आलेल्या गाडीचा एसी लावला की जाळीतून वाळू उडते. किनाऱ्यावर गाडी न्यायला कायद्याने बंदी आहे हे मी तीन भाषांत सांगतो, कागदावर सही घेतो. तरी मोरजीहून फोन येतो, ‘भैया, गाडी बैठ गयी.’ भरतीच्या आत ट्रॅक्टर न्यायचा कोणी? मी.

कळंगुटचो शेजारी
वाईट वाटलं टिप्परचं, मनापासून. पण माझा गडगा कोण बांधणार?

काळी पाटी
नंबर टिपला का? काळ्या पाटीची गाडी असेल तर मालक सापडतो, व्यावसायिक विमा असतो, पासिंग असतं. तुमचा गडगा पाडला ती पाटी पांढरी असणार, मी पैज लावतो. खासगी गाड्या भाड्याने देणारे तुमच्याच वाड्यावर आहेत. मुंबईचा नाहीतर दिल्लीचा मालक सेकंड होमच्या अंगणात गाडी ठेवतो, केअरटेकर ती व्हॉट्सअॅपवर देतो. त्याला ना परमिट ना फिटनेस. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

आम्हाला मात्र नियम पाठ. केंद्राच्या १९८९च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान ५० गाड्या लागतात. चार गाड्यांचा माणूस कुठून आणणार ५०? म्हणून कुणातरी मोठ्याच्या परवान्याखाली गाड्या लावायच्या, त्याचा वाटा त्याला द्यायचा. वर ताशी ८०च्या पुढे गाडी जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर.

कळंगुटचो शेजारी
आमच्या गल्लीत ८० म्हणजे थेट वैकुंठ. गव्हर्नरचं कौतुक मला सांगू नका. आणि पाटी पांढरी होती की काळी ते अंधारात दिसलं नाही, लाल माती लागलेली होती.

काळी पाटी
मग ‘आपलेच लोक’ म्हणून मला कशाला ठोकलंत?

पणजीची पोर
मी कॉलेजात आहे, गाडी नाही, कुणाला माझं मत नकोय तरी सांगते. पर्यटक गाडी घेतो कारण टॅक्सीचं भाडं ऐकून त्याला घेरी येते. आपण गाडी घेतो कारण संध्याकाळी साडेआठनंतर गावाकडे बस नाही. २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यात ४५.२ टक्के घरांत कार होती, देशाची सरासरी ७.५ टक्के. तुम्ही ह्याला श्रीमंती म्हणता. मी म्हणते कदंब (सरकारी बस) वेळेवर धावली असती तर यातल्या कितीतरी गाड्या आल्याच नसत्या.

साखळीचा मास्तर
टॅक्सीचा विषय काढू नका. मागच्या वेळी त्यावरून धाग्याला कुलूप लागलं होतं. बाकी मुलीचं बरोबर आहे. मी निवृत्तीपर्यंत बसने गेलो. अर्थात शाळा स्टँडसमोरच होती.

गियरवाला
मूळ विषयावर या जरा. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलबद्दल कोणी का बोलत नाही? २०१२ला पर्रीकरांनी व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, पेट्रोल अकरा रुपयांनी उतरलं, बांद्या-सावंतवाडीच्या गाड्या हद्दीवर पत्रादेवीला रांग लावायच्या. आज भाव बघा आणि वर पाणचट पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. नीती आयोगाच्याच २०२१च्या अहवालात जुन्या धाटणीच्या गाड्यांचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी पडेल असं लिहिलंय. माझ्या जुन्या गाडीचं तेवढं पडलं, उलट जास्तच. अशा दिवसांत जड गाडी घ्यायची हौस कशाला, एवढंच माझं म्हणणं होतं.

माशेलकरीण
एवढंच नव्हतं हो. दिखाऊ, आळशी आणि बायका होतं. इथेनॉल आज आलं.

काळी पाटी
मायलेजवर गियरवाल्याच्या बाजूने. माझ्या हॅचबॅक महिनाभर बाहेर असतात, थार शनिवार-रविवारी. धंद्याला खरी हॅचबॅकच. पण फोटो बघून गिऱ्हाईक थारवर अडकतं, मग घासाघीस करत हॅचबॅक नेतं. म्हणजे थार माझी जाहिरात आहे, हप्ता हॅचबॅक भरते. याला दिखावा म्हणत असाल तर दिखावाच.

गियरवाला
धाग्यात पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं. लिहून ठेवतो.

डिचोलीकर
आता प्रामाणिक प्रश्न, हसू नका. आमच्या मेहुण्याच्या नव्या गाडीत (कुठली ते सांगणार नाही, परत जुंपेल) पाऊस जोरात आला की पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून, ड्रायव्हरच्या गुडघ्यावर पाणी ठिबकतं. सीट बेल्टवर बुरशी आली. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, सनरूफचा गॅस्केट (कडेची रबरी पट्टी) बदला, पंधरा हजार.

गियरवाला
गॅस्केट नसेल. सनरूफला पाणी अडवायचं नसतंच, चारी कोपऱ्यांतल्या नळ्यांतून ते खाली सोडायचं असतं. गाडी आंब्याखाली उभी असते का? मोहर, पानांचा चुरा नळीच्या तोंडाशी साचतो, पाणी तुंबतं, मग आत. सनरूफ पूर्ण उघडा, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत बारीक भोक दिसेल. त्यात गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हळूच सरकवा, फिरवत. कॉम्प्रेसरची हवा मारायला सांगतील, मारू देऊ नका, नळी आतल्या आत सुटली तर अख्खं छताचं अस्तर काढावं लागेल. मग तांब्याभर पाणी ओता, चाकाजवळ खाली गळलं पाहिजे. तिथे गळत नसेल तरच गॅस्केटचं बघू.

सांगेचो झील
चोचल्यांबद्दल बरीच माहिती आहे तुम्हाला.

गियरवाला
बहिणीची गाडी मीच धुतो, म्हणून.

कळंगुटचो शेजारी
ते सगळं ठीक. काळी पाटीवाले, तुमच्या ओळखीचा चिरे बसवणारा गवंडी आहे का कोणी? चवथीच्या आधी गडगा उभा करायचाय.

काळी पाटी
आहे. इनबॉक्समध्ये या. पैसे तुमचे.