मदत हवी आहे: बहिणीच्या लग्नासाठी वडील जमीन विकायला निघालेत

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. मुलाकडच्यांची काहीच मागणी नाही, बहीणही रजिस्टर लग्नाला तयार आहे. पण आप्पांना मोठं कार्यालय, 800 पानं, सगळ्या भावकीचा मानपान हवाय. चुलत बहिणीचं तसं झालं म्हणून. त्यासाठी वडिलोपार्जित 20 गुंठे विकणार. विहिरीलगतचा तुकडा, आमची तेवढीच बागायत. मी बोललो की ‘बहिणीला द्यायचं जिवावर येतं’ असं ऐकावं लागतं. फार लागतं ते. आई दोघांत पिचतेय.

हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत बहिणीलाही माझ्याइतकाच हक्क आहे. सातबाऱ्यावर फक्त आप्पांचं नाव असलं तरी विक्रीला आमच्या सह्या लागतील का? आणि आप्पांना न दुखावता समजावणार कोण, मामा की मुलाचे वडील? कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सांगा.