जुनं ३७ सीटर एअरलाइनचं विमान कंपनीचं जेट म्हणून घ्यावं का?

शिरोलीकर
आठवड्याला दोनदा १२-१४ माणसं दिल्ली नाहीतर चेन्नईला पाठवणाऱ्या फौंड्री गटानं नव्या जेटच्या मागं लागू नये. एअरलाइननं सोडलेलं एम्ब्रेअर ईआरजे-१३५ घ्यावं आणि आतून बदलून घ्यावं. मूळ ३७ सीट काढून १४ बसवल्या की पाय पसरून बसता येतं, कास्टिंगचे नमुने न्यायला मागं भरपूर जागा. दारालाच जिना असतो, एपीयू (उभ्या विमानाला वीज-हवा देणारं छोटं इंजिन) असतो. आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर शिडीची वाट बघायला नको. नावाजलेलं बिझनेस जेट लेगसी ६०० तरी काय, १३५ चीच बॉडी! रोल्स-रॉइस एई ३००७ इंजिनाचं घराणंही तेच.

रनवे शून्य सात
गफलत इथंच आहे. लेगसीला जादा इंधनटाक्या आणि विंगलेट (पंखांची वर वळलेली टोकं) आहेत. तिचं कमाल टेकऑफ वजन २२,५०० किलो, १३५ एलआरचं (लांब पल्ल्याच्या १३५ चं) २०,०००. ती ४१,००० फुटांवर जाते, १३५ ची हद्द ३७,०००. पल्ला सुमारे ६,३०० किमी, १३५ चा ३,२०० च्या आसपास. सोफे बदलून पल्ला वाढत नाही.

आता आपला विमानतळ. उंची साधारण २,००० फूट, मे महिन्यात दुपारी ३७ अंश. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश, म्हणजे २६ जादा. अंशाला १२० फूट धरा, घनता-उंची (विरळ हवेमुळं विमानाला जाणवणारी उंची) पाच हजार फुटांवर गेली. विमानाच्या हिशोबानं ते महाबळेश्वरच्याही वरून उडतंय, आणि पंखांना स्लॅट (पुढच्या कडेच्या, जादा उचल देणाऱ्या पट्ट्या) नाहीत.

शिरोलीकर
हे सगळं पूर्ण वजनाचं गणित झालं. दिल्ली सरळ रेषेत १,३५० किमी. १४ माणसं सामानासकट दीड टनात बसतात, ३७ माणसांचे साडेतीन टन होतात. टाकी काठोकाठ कशाला भरायची? सकाळी साडेसहाला निघायचं. शिवाय आपल्याच घोडावत समूहाच्या स्टार एअरनं २०१९ साली सुरुवात केली ती याच घराण्यातल्या १४५ वर. म्हणजे या जातीचे पायलट, इंजिनिअर देशात आहेत.

रनवे शून्य सात
उडायचं सोडा, जुलैत उतरायचं बघा. व्यावसायिक परवान्यावर जेटला उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत थांबता आलं पाहिजे, धावपट्टी ओली असेल तर वर १५ टक्के जादा लांबी. हाताशी १,८०० मीटर धरले तर कागदावर ९४० मीटरच्या आत थांबावं लागतं. या हिशोबात रिव्हर्सरचं (इंजिनाचा झोत पुढं वळवून वेग तोडणाऱ्या यंत्रणेचं) श्रेय मिळत नाही. तरी प्रत्यक्ष ओल्या पट्टीवर तेच कामाला येतात, आणि या घराण्यात ते ऐच्छिक होते. घेण्याआधी आहेत का बघून घ्या.

पाना-पक्कड
किमतीवर कुणीच बोलेना. खरेदी स्वस्त, मान्य. पण इंजिनाच्या डिस्क (पाती बसवलेल्या चकत्या) तासांवर नव्हे, सायकलवर (एक उड्डाण म्हणजे एक सायकल) बाद होतात, आणि एअरलाइनच्या छोट्या छोट्या फेऱ्यांत सायकली झपाट्यानं जातात. आधी एलएलपी शीट (आयुष्य ठरलेल्या भागांची यादी) मागायची: कुठल्या डिस्कच्या किती सायकली शिल्लक, जन्मापासूनचा कागद सलग आहे का. मधला एक दुवा तुटला की चांगली डिस्कही भंगारात. लँडिंग गिअरचा ओव्हरहॉल सायकली किंवा वर्षं, जे आधी येईल त्यावर. कंपनी वर्षाला ३०० तास उडवणार. सायकली उरतात, वर्षं संपतात. उभं विमानही खातं.

आतलं काम फर्निचरवाल्याचं नव्हे. त्याला एसटीसी (मूळ रचनेतल्या बदलाची अधिकृत मंजुरी) लागतं. सीटला कोल्हापुरी चामडं लावायची हौस असेल तर नमुना उभा टांगून १२ सेकंद ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर १५ सेकंदांत विझलं पाहिजे, जळालेला भाग ८ इंचांच्या आत. गादीची बर्नर चाचणी निराळी. इंजिनं शेपटीकडं असल्यानं पुढचं वजन काढलं की गुरुत्वमध्य मागं सरकतो. नव्यानं वजन करावंच लागतं. आणि मालकाचा सोफा मागं टाकू नका, तिथंच आवाज सगळ्यात जास्त.

पंचगंगाकाठ
मग बंबार्डिएचं ५० सीटर सीआरजे-२०० का नको? केबिन अडीच मीटर रुंद, १३५ ची २.१. मुळात चॅलेंजर या बिझनेस जेटला लांबवूनच सीआरजे केलं. चॅलेंजर ८५० हे सीआरजेचंच बिझनेस रूप, म्हणजे लेक माहेरी आली.

रनवे शून्य सात
माहेर लांब पट्टीचं आहे. स्लॅट तिलाही नाहीत, वजन २४ टन, उन्हात धाव आणखी लांबते. इथून एम्ब्रेअरचं छोटं जेट फेनम ३०० निवांत निघतं.

शिरोलीकर
फेनममध्ये १४ माणसं बसवून दाखवा.

पाना-पक्कड
बसत नाहीत, दोन फेऱ्या होतात. माणसं खरंच दर आठवड्याला जाणार असतील तर १३५ चा हिशोब जमतो. एकट्या मालकासाठी नाही. दुबईचं तर बोलूच नका. इथं कस्टम्स नाही, आधी मुंबई नाहीतर गोवा गाठावं लागतं.

शिरोलीकर
ठीक. रिव्हर्सर असलेलं, कागद सलग असलेलंच घ्यायचं. संध्याकाळी परत येताना पाऊस असला तर बेळगावला उतरायचं, तिथं २,३०० मीटर आहेत. गाड्या पाठवायच्या.

रनवे शून्य सात
मग विमान बेळगावलाच ठेवा की राव.