सायगॉनचा रस्ता आणि पुणेकर

व्हिएतनाममधल्या सायगॉनात (म्हणजे आताच्या हो ची मिन्ह सिटीत) रस्ता ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ, असं तुम्ही तुमच्या प्रवासलेखात लिहिलंय. अहो, लक्ष्मी रोडवर वाढलेल्याला कसली भीती! एकाच संथ चालीनं चालत राहायचं, दुचाक्या दोन्ही बाजूंनी आपोआप निघून जातात. मध्येच थबकलात की संपलं. मला खरं नवल वाटलं ते डोक्यांचं. झाडून सगळ्यांना हेल्मेट! २००७ पासून सक्ती आहे तिथं. आपल्याकडे सक्तीविरुद्ध आंदोलनं होतात (मीही एकदा घोषणा देऊन आलोय, असो). तिथली मेट्रो २०२४च्या डिसेंबरात सुरू झाली, चकाचक आहे. पण बेन थान बाजाराशेजारी फुटपाथवर वीतभर स्टुलावर बसून, गाळणीतून थेंबथेंब उतरणारी कॉफी प्यायलात की नाही?