एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थविरोधी कायदा) अडकलेला पिकअप सुपुर्दनाम्यावर (केस संपेपर्यंत हमीवर ताबा) सोडवायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. तासगावकडं द्राक्षाची भाडी मारणारा आमच्या दाजींचा पिकअप गांजाच्या केसमध्ये जप्त झालाय. ड्रायव्हरनं वाटेत एक पॅसेंजर घेतला, माल त्याच्या बॅगेत सापडला. दाजी गाडीत नव्हते, आरोपीही नाहीत. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी आहे. पुढचं टायर बसलंय, हौद्यात बाभळीचा पाला साठलाय. फायनान्सचा हप्ता मात्र चालूच!

एक वकील म्हणाले, एनडीपीएसची गाडी निकालाशिवाय सुटत नाही. पण जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं आसामच्या एका ट्रकच्या प्रकरणात (बिश्वजित डे) असा सरसकट मज्जाव नाही म्हटलंय. फोटो-व्हिडिओ काढून, गाडी विकणार नाही अशा हमीवर ट्रक सोडायला सांगितला. एनडीपीएसच्या कलम 60(3) मध्येही मालकाला आपल्याला माहिती नव्हती हे दाखवायची संधी आहे.

सांगली-मिरजेकडं अलीकडं कुणी असा अर्ज केलाय का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 497 खाली की 503 खाली? बंधपत्र साधारण केवढ्याचं मागतात? फायनान्स कंपनीची एनओसी लागते का? ड्रायव्हरला पगार दिल्याचा कागद नाही, सगळं रोखीत. त्यानं अडेल का? अनुभवी वकील माहीत असतील तर इनबॉक्स करा.