जमीन सासऱ्यांच्या नावावर, राबतो आम्ही पाच जण. मग शेतकरी कोण?

नमस्कार मंडळी. आमच्या घरची पाच माणसं शेतात राबतात. पेरणी दीर बघतात, खुरपणी मी आणि जाऊबाई, हिशेबाची वही माझ्याकडे. परवा कर्जाचा अर्ज भरताना समोरच्या साहेबांनी मला काहीही न विचारता 'व्यवसाय' या रकान्यात 'गृहिणी' लिहून टाकलं. खुरप्याने माझ्या तळहाताला घट्टे पडलेत, त्याच हाताने खाली सही केली. फार लागलं मनाला. संयुक्त राष्ट्रांनी २०१९ ते २०२८ हे कौटुंबिक शेतीचं दशक जाहीर केलंय. पण राबणारं अख्खं कुटुंब शेतकरी, असं कुठल्या देशाच्या कायद्यात धरतात का? की कागदावर ज्याचं नाव, तोच?

उत्तर १
धरतात, ताई. ब्राझीलचा २००६ चा कायदा बघा. जमीन ठराविक मर्यादेत हवी, मुख्यतः घरच्यांनीच राबायला हवं, उत्पन्नाचा ठराविक वाटा त्याच शेतीतून यायला हवा आणि कारभार कुटुंबाच्या हाती हवा. मालकीची अट नाही! खंडाने किंवा वाट्याने कसणाराही त्यात बसतो. नव्वदच्या दशकात सुरू झालेली त्यांची 'प्रोनाफ' ही कर्जयोजना अशाच कुटुंबांसाठी आहे.

उत्तर २
कर्ज ठीक आहे, पण पिकलेलं घेणार कोण? त्याच ब्राझीलने २००९ मध्ये कायदा केला की शाळेतल्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के (२०२६ पासून ४५ टक्के) कौटुंबिक शेतीच्या मालावर खर्च करायचे, आणि ही खरेदी नेहमीच्या निविदेशिवाय करता येते. मला यातली निविदेची सूट सर्वांत मोलाची वाटते. निविदेला एकाच मालाचा ट्रक लागतो. घरच्या शेतात चार पाट्या याच्या, दोन पाट्या त्याच्या निघतात. तो माल शाळेत खपतो, आणि गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असलं की काय लावायचं हेही घरात बसून ठरवता येतं.

उत्तर ३
नुसतं 'कौटुंबिक' म्हणून भागत नाही. शेकडो हेक्टरवालेही कुटुंबंच असतात. युरोपीय संघात मदत हेक्टरवर मोजली, तर साधारण ८० टक्के रक्कम २० टक्के लोकांकडे गेली. म्हणून २०२३ पासून थेट मदतीतला निदान दहावा हिस्सा लहान-मध्यम शेतांकडे वळवायचा, असा नियम केला. आणि ताई, संयुक्त राष्ट्रांचा २०१८ चा शेतकरी हक्कांचा जाहीरनामा आहे, त्यात शेतकरी बाईला शेतीकर्ज बरोबरीने मिळावं असं स्पष्ट लिहिलंय. बंधनकारक नाही, पण दाखवायला हाताशी ठेवा.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. राबणाऱ्यावरून शेतकरी ठरवता येतो, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. सोमवारी परत जाते आणि तो रकाना दुरुस्त करून घेते. हिशेबाची वही सोबत नेते, सगळ्या नोंदी माझ्याच अक्षरात आहेत. जाऊबाईही येणार आहेत, त्यांच्याही अर्जावर तेच लिहिलंय.