गुडघ्याची झीज : मांडीच्या व्यायामात वजन कधी वाढवावे?

माझ्या आईचे वय ६६ आहे. तिच्या उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूची कूर्चा झिजली असून एक्स-रे पाहून अस्थिरोगतज्ज्ञांनी 'ग्रेड ३' (झिजेच्या चार पायऱ्यांपैकी तिसरी) असे लिहिले आहे. शस्त्रक्रियेची घाई नको, आधी मांडीचे स्नायू बळकट करा, असे त्यांचे मत पडले. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम आई नेमाने करते: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबत मांडी आवळून धरणे, गुडघा ताठ ठेवून पाय उचलणे आणि कुशीवर झोपून वरचा पाय वर नेणे. सपाटीवर ती आता बरीच मोकळी चालते, पण जिना उतरताना कठडा धरून प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत यावे लागते.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार पेलतो. तिन्ही व्यायाम झोपून करायचे असल्यामुळे त्याला या कामाचा सराव होत नसावा, असा माझा अंदाज आहे. म्हणून खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि तितक्याच सावकाश बसणे सुरू करावे असे वाटते. नुसत्या खुर्चीवरून तिला तसे उठता येत नाही; बसायला घट्ट उशी घेतली की जमते. उशीची उंची हळूहळू कमी करत जाणे योग्य ठरेल का, आणि बुटक्या पाटावरून एक पाय खाली टेकवण्याचा सराव त्याआधी करावा की नंतर?

दुसरा प्रश्न वेट कफचा, म्हणजे वजन भरलेल्या पट्ट्याचा. अर्ध्या किलोचा कफ घोट्याला बांधून व्यायाम केला की संध्याकाळी गुडघा ठणकतो, सूज येत नाही, आणि सकाळपर्यंत ठणका थांबतो. दुखणे २४ तासांत पूर्ववत होत असेल तर व्यायाम थांबवू नये, असे फिजिओथेरपिस्ट सांगतात. शेजारच्या काकूंच्या मते मात्र दुखते आहे म्हणजे झिजते आहे. (आईला अर्थातच काकूंचे पटते.) ब्रिटनमध्ये उपचारांविषयी सूचना देणाऱ्या 'नाइस' संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही सुरुवातीला दुखणे वाढू शकते, पण सातत्य ठेवल्यास फायदा होतो, असेच म्हटले आहे. दुसरीकडे, २०२१ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ३७७ जणांच्या अमेरिकी चाचणीत जड वजनाच्या व्यायामाने १८ महिन्यांनंतर हलक्या वजनापेक्षा दुखणे अधिक कमी झालेले दिसले नाही. मग कफ एक किलोपर्यंत नेण्याचा आग्रह धरावा, की अर्ध्या किलोवरच आवर्तने वाढवावीत? येथील फिजिओथेरपिस्ट आणि या दुखण्यातून गेलेल्या मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.